कुबडीचा नंबर

पृथ्वी गोल आहे हे गोपिकाला मी दुपारी शिकवले, आणि संध्याकाळी तिच्या वडिलांनी ते खोडून काढले.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी घरोघरी जाऊन मुलांना शिकवत असे. गोपिका आमच्या समोरच्याच घरातली, नऊ वर्षांची. पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले होते. पायांना लोखंडी पट्ट्यांचे जड बूट आणि काखेत दोन कुबड्या. शाळेला पायऱ्या फार, म्हणून ती शाळेत जात नसे. मी तिच्याकडे जात असे. त्या दुपारी एका संत्र्यावर मुंगी सोडून मी तिला समजावले की मुंगी पलीकडे उतरली की आपल्याला दिसेनाशी होते, तसेच फार लांबचे गाव पृथ्वीच्या गोलाव्याआड जाते.

"म्हणजे आकाशपाळण्यातून रामटेक नाई दिसत?" गोपिकाने विचारले.

"दिसणे कठीणच आहे."

संध्याकाळी चंपतराव कचेरीतून आले. ते एका सरकारी कचेरीत शिपाई होते. मूळचे रामटेकजवळच्या खेड्यातले, शेती भाऊ पाही. लेकीने त्यांच्यासमोर तो प्रश्न ठेवला.

"काहून नाई दिसत? चांगलं दिसते," ते म्हणाले. "गडावरच्या मंदिराचा कळस दिसते. हवा स्वच्छ असली तर आपल्या विहिरीवरची मोटसुद्धा दिसते."

"तुम्ही पाहिली का, चंपतराव?" मी विचारले.

"त्यात पाहाचं काय आहे बाई? पाळणा उंच, गड उंच. मधात आहे कोन?"

गोपिकाने आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहिले. मीच तिला शिकवले होते की जे स्वतः पाहून ठरवता येते ते कोणाच्या तोंडचे मान्य करू नये.

"मग मले वर जाऊन पाहा लागन," ती म्हणाली.

कस्तूरचंद पार्कच्या मैदानावर त्या वर्षीही मोठा मेळा आला होता. गेल्या वर्षी चंपतराव तिला घेऊन पाळण्याच्या पायथ्यापर्यंत गेले होते आणि गर्दी पाहून तसेच परत आले होते. तेव्हा तिला सांगितले होते, पुढच्या वर्षी. गोपिकाला सगळ्याच गोष्टी पुढच्या वर्षी मिळायच्या. आता पुढचे वर्ष आले होते, आणि दुसऱ्या दिवशी मेळा तंबू गुंडाळून निघणार होता. तेव्हा जे काय पाहायचे ते उद्यावर ढकलण्यासारखे नव्हते.

निघण्यापूर्वी गोपिकाच्या एका कुबडीविषयी सांगणे भाग आहे, कारण सगळे तिच्यामुळे झाले.

ते दिवस टंचाईचे होते. रॉकेल, साखर, डालडा, काहीही मिळवायचे तर राशनच्या दुकानासमोर रांग लावावी लागे. माणसाला किती उभे राहवेल? म्हणून आमच्या मोहल्ल्यात वस्तूंचा नंबर लागत असे. कोणी पिशवी ठेवी, कोणी डबा, कोणी नुसती वीट. मालक घरी जाऊन जेवून, झोपून येई. विटेचा नंबर हलत नसे. मोहल्ल्यात बाकी कशावरही भांडणे होत, पण दुसऱ्याची वीट सरकवणारा माणूस मी पाहिला नाही.

गोपिकाच्या खिडकीतून राशनचे दुकान सरळ दिसे. ती दिवसभर खिडकीत. रॉकेलची गाडी कोपऱ्यावर वळली की पहिल्यांदा तिला दिसायची, आणि तिची आई प्रेमिला तिची एक कुबडी नेऊन दुकानाच्या दाराला टेकवून यायची. ती कुबडी कोणीही लांबून ओळखावी अशी होती. पोळ्याला चंपतरावांनी गावी बैलांची शिंगे रंगवली, तेव्हा उरलेल्या हिंगुळाने तिला लाल केले, वर बेगड चिकटवली आणि मुठीला बैलाच्या शिंगाचा गोंडा बांधला. ती लाल कुबडी दाराला टेकलेली दिसली की मोहल्ल्यातली सगळी घरे डबे घेऊन बाहेर पडत. माल आला की नाही हे कोणी दुकानदाराला विचारत नसे. तो नेहमी नाहीच म्हणायचा.

तर आम्ही तिघे मेळ्याला निघालो. चंपतरावांनी लेकीला सायकलच्या कॅरिअरवर बसवले, मी शेजारून चालले. सायकल मैदानाच्या फाटकाबाहेर ठेवल्यावर ती त्यांच्या पाठीवर गेली. कुबड्या माझ्याकडे.

आत शिरताच गर्दीने आम्हाला आमच्या मर्जीशिवाय एका तंबूत नेले. तो नागकन्येचा तंबू होता. आत एका मेजावर कापडी नागाचे वेटोळे आणि त्याच्या टोकाला एका बाईचे डोके. डोक्यावर चमकता मुकुट, गालाला लाली. शेजारी उभा असलेला माणूस भोंग्यातून सांगत होता की बापाचे न ऐकल्यामुळे शाप लागून हिचे पाय गेले आणि ही नागीण झाली.

गोपिकाला तिच्याविषयी फारच आस्था वाटली. तिने बापाच्या पाठीवरूनच विचारले, "शापच लागला ना? पोलिओ नाई?"

"नाही, शापच," नागकन्या म्हणाली.

"मग तू फिरते कशी?"

"सरपटत."

"पोट घासून निघत असन वं तुझं."

गोपिकाने झोळीतले संत्रे काढून सोलले आणि एक एक फोड नागकन्येच्या तोंडात घातली, कारण तिला हात नव्हते. "बिया थुंकू नको, लोकं पाहून राहिले," असेही बजावले. मग बापाच्या कानात म्हणाली, "बाबा, हिले एक कुबडी देऊन टाकू का?"

"अवं, तिले काख कुठं आहे," चंपतराव म्हणाले आणि आम्ही बाहेर पडलो.

पाळण्यापाशी मात्र कोणाचे काही चालेना. पाळणा थांबला की शेकडो माणसे फाटकावर कोसळत. जो आत घुसेल तो बसे, बाकीचे बाहेर फेकले जात. फाटकावर नत्थू नावाचा एक काळासावळा, घसा बसलेला माणूस उभा होता. एका हाताने तो तिकिटे घेई, दुसऱ्याने इंजिनाचा दांडा ओढी आणि पायाने लोकांना मागे सारी.

चंपतरावांनी लेकीला पाठीवर आवळले, मान खाली घातली आणि गर्दीत शिरले. थोड्या वेळाने ते दुसऱ्या बाजूने बाहेर आले. गोपिका पाठीवर होती, पण त्यांच्या गळ्यात कोणाची तरी छत्री अडकली होती आणि एका पायात चप्पल नव्हती. दुसऱ्यांदा गेले तेव्हा चप्पल मिळाली. ती बाईमाणसाची होती. तिसऱ्यांदा मात्र ते थेट नत्थूपर्यंत पोचले, आणि पाठोपाठ मीही.

"ह्या पोरीले बसवाचं आहे, गा," चंपतराव म्हणाले.

नत्थूने तिच्या बुटांकडे पाहिले. माणूस वाईट नव्हता. "भाऊ, हिले चढवाले वेळ लागन. पाय उचला, पट्ट्या सोडा, दांडी लावा. तेवढा वेळ पाळणा थांबवून ठेवला तर हे लोक मले फाडून खातीन. पाहून राहिले ना?"

"मग हिने बसूच नये का?" मी विचारले.

"मी कुठं म्हन्तो? लाईन लावा. लाईन असली तर मी हिले एक घंटा लावून चढवतो. पन बाई, मेळ्यात कधी लाईन लागली का?"

एवढे बोलेपर्यंत पाळणा थांबला आणि आम्ही पुन्हा बाहेर फेकले गेलो.

मी इतकी वर्षे शाळेत रांगा लावण्यात घालवली होती. मी एका उलट्या ठेवलेल्या खोक्यावर चढले आणि प्रार्थनेच्या वेळी लावत असे तो आवाज लावला. "सगळ्यांनी उंचीप्रमाणे एका ओळीत उभे राहा. बोलायचे नाही." चार मुलांनी मागे वळून पाहिले. एका मिशीवाल्या गृहस्थाने सवयीने हात पुढे करून अंतर घेतले, पण मग त्याला आपले वय आठवले असावे, कारण तोही गर्दीत घुसला. मी खोक्यावरून उतरले.

चंपतरावांनी लेकीला त्याच खोक्यावर बसवले आणि मान खाजवत म्हणाले, "पोरी, असं कर ना. पुढच्या वर्षी—"

"बाबा," गोपिका म्हणाली, "इथं कोनी नंबरच नाई लावला."

"इथं नंबर राहत नाई, वं."

"लावल्याशिवाय कसा राहीन?" आणि मला म्हणाली, "बाई, माझी लाल कुबडी फाटकाले टेकवून या ना. नंबर तर लागू द्या. मंग बसू वाट पाहत."

मला त्यात काही वावगे दिसले नाही. गर्दी वर चढली होती तेवढ्या फटीत मी गेले, फाटकाच्या खांबाला लाल कुबडी टेकवली, गोंडा नीट केला आणि परत आले. गोपिका समाधानाने उरलेले संत्रे खाऊ लागली.

तेवढ्यात रंभाबाई आल्या.

रंभाबाई आमच्या मोहल्ल्यातल्या. राशनच्या रांगेवर त्यांचे राज्य होते. कोणाचा नंबर कुठे, कोणाची वीट कोणती, सगळे त्यांना पाठ. त्या नातवंडांसाठी फुगे घेऊन घरी निघाल्या होत्या. पाळण्याकडे त्यांनी सहज पाहिले आणि जागच्या जागी थांबल्या. मग फुगे एका नातवाच्या हाती कोंबून, पिशवी उंच धरून त्या गर्दी चिरत सरळ फाटकाशी गेल्या आणि कुबडीच्या मागे पिशवी ठेवून तिच्यावर उभ्या राहिल्या.

मी घाईने त्यांच्यापाशी गेले.

"मास्तरीणबाई, काय आलं?" त्यांनी खालच्या आवाजात विचारले. "रॉकेल का साखर?"

"काही आले नाही. गोपिकाला पाळण्यात बसायचे आहे."

"बरं," रंभाबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे अशा पाहू लागल्या की जणू मी दुकानदाराची बहीण आहे. "नका सांगू. पन कुबडी लागली आहे, हे तर मले दिसून राहिलं ना?"

"खरेच सांगते. इथे काहीही मिळत नाही."

मागे एक अनोळखी बाई येऊन उभी राहिली होती. ती शेजारणीला म्हणाली, "काही मिळत नाही म्हणून राहिली ती. म्हणजे थोडंच असन. लवकर ये."

त्यानंतर मी जितके खरे बोलले तितकी रांग वाढत गेली. रंभाबाईंनी एका नातवाला डबा आणायला घरी पिटाळले. तो पळत गेला, आणि डब्यासाठी पळणारे पोरगे पाहून सगळ्या वाटेवर बातमी पसरली. कोणी म्हणे सरकारी दालनातून रॉकेल वाटून राहिले, कोणी म्हणे डालडा. उसाच्या रसाच्या दुकानातली बादली नाहीशी झाली. आधी फाटकावर कोसळणारी मंडळी मागे वळून पाहू लागली, आणि एवढी मोठी रांग असताना आपण मधेच उभे आहोत हे बरे नव्हे असे वाटून मुकाट्याने मागे जाऊन उभी राहिली. एकाने मधे घुसायचा प्रयत्न केला. रंभाबाईंनी त्याला विचारले, "तुझी वीट कुठं आहे गा?" त्याच्याजवळ वीट नव्हती. तो गेला.

मी गोपिकाकडे आले. ती खोक्यावर बसून बिया मोजत होती.

"गोपिका, हे लोक रॉकेलसाठी उभे आहेत."

"मी सांगतलं का त्याईले?" ती म्हणाली. "मी नंबर लावला. पाळन्याचा."

तर्काच्या दृष्टीने यात मला चूक काढता आली नाही. आणि खरे सांगायचा माझा प्रयत्न तर सगळ्या मैदानाने ऐकला होता.

पाळणा थांबला. नत्थूने सवयीने पाय उगारला आणि तो तसाच हवेत राहिला. समोर कोणी कोसळत नव्हते. एक लाल कुबडी होती, तिच्यामागे रंभाबाई, आणि त्यांच्यामागे डोके, डबा, डोके, बादली अशी रांग मैदानाला वळसा घालून पार मोटारसायकलींच्या मौतच्या विहिरीपलीकडे गेलेली.

"मायबाप," नत्थू म्हणाला. त्याने पाय हळूच खाली ठेवला. "पहिला नंबर कोनाचा?"

"कुबडीवालीचा," रंभाबाई म्हणाल्या. "ती चढल्याबिगर इथून कोनी हलनार नाई. नंबर म्हन्जे नंबर."

नत्थूने दिलेला शब्द पाळला. इंजिन बंद केले. चंपतरावांनी तिला उचलले, नत्थूने बूट धरले, रंभाबाईंनी "हळू गा, लोखंड लागन तिले," असे म्हणत झगा सावरला. पट्ट्या सोडून पाय सरळ ठेवता ठेवता बराच वेळ गेला. रांगेतून कोणी हूं की चूं केले नाही. राशनच्या दुकानात माप पुरे होईपर्यंत थांबायची सवय सगळ्यांनाच होती.

"चला चंपतराव, बसा," मी म्हणाले.

चंपतरावांनी पाळण्याच्या टोकाकडे पाहिले आणि कपाळ पुसले. "मी काय म्हन्तो बाई, कुबड्याजवळ कोनीतरी लागन ना. मी खालीच राहतो."

म्हणून मी बसले. आमची पाळण्यातली खोली वर सरकली, पुढची फाटकाशी आली. खालून बोलणे ऐकू येत होते.

"टिकिट," नत्थू म्हणाला.

"रॉकेल कुठं आहे?" रंभाबाईंनी विचारले.

"आधी बसा. मंग पाहू." नत्थूला मागचा पुढचा काही पत्ता नव्हता, तो फक्त खोल्या भरत होता.

"म्हन्जे वरून देऊन राहिले," रंभाबाईंनी मागच्यांना सांगितले, आणि एवढ्यात नातवाने आणलेला डबा मांडीवर घेऊन त्या बसल्या. त्यांच्यामागून बादली बसली, त्यामागून दोन किटल्या.

डबेवाले एकेक चढत असल्याने पाळणा दर वेळी थांबे, आणि असे करत करत आम्ही अगदी टोकाला जाऊन थांबलो. खाली इंजिन धापा टाकत होते. सीताबर्डीचे दिवे, स्टेशनकडचे दिवे, एक लांब शिटी. गोपिकाने दोन्ही हातांनी दांडी धरली होती.

"रामटेक कोन्या बाजूले?" तिने विचारले.

मी ईशान्येकडे बोट दाखवले. तिकडे अंधार होता. ती डोळे बारीक करून पाहत राहिली.

"एक दिवा हाये," ती म्हणाली. "तो गडावरचा असू शकते. कामठीचा पन असू शकते."

"मग काय ठरले?"

"ठरलं नाई. उजेडात पाहा लागन." आणि मग एकदम पुढे वाकली. "बाई, खाली पाहा. लायनीच्या शेवटाले. थो मुकुट."

मी चष्मा सावरला. रांगेच्या अगदी शेवटी, तंबूच्या मागच्या बाजूने साडी खोचत नागकन्या धावत येत होती. मुकुट तसाच, हातात डबा. आली, धापा टाकत उभी राहिली, आणि पुढच्या माणसाला काय मिळते ते विचारू लागली.

"पाय हायेत तिले," गोपिका म्हणाली. "चांगले दोन. पळूनसुद्धा राहिली."

"दिसते आहे खरे."

"अर्ध संत्र खाल्लं वं तिनं माझं." "बरं झालं पन. पोट घासत होतं तिचं."

खालच्या खोलीतून रंभाबाईंचा आवाज आला. "मास्तरीणबाई, तुमाले मिळालं का?"

"काय?"

"रॉकेल."

"नाही हो, रंभाबाई. इथे फक्त हवा आहे."

"मंग आमाले काय मिळन आता," रंभाबाई म्हणाल्या. पाळणा एक खोली पुढे सरकला आणि त्या टोकाला आल्या. थोड्या वेळाने वेगळ्याच आवाजात नातवाला म्हणाल्या, "अरे बाप्पा. आपलं घर कुठं असन रे इथून?"

फेरी संपून आम्ही खाली आलो. नत्थूने इंजिन थांबवले, पण पट्ट्या बांधायला हात लावला नाही. तो लाल कुबडीसमोर हात जोडल्यासारखा उभा होता.

"पोरी, ही लाकडी बंद होईपर्यंत इथंच राहू दे. आजवर माझा घसा एवढा कधी थंड नव्हता. तू बस पाहिजे तेवढ्या वेळा, तुले टिकिट नाई."

गोपिकाने विचार केला. "राहू देतो. पन आता बाबा बसतीन माझ्यासंगं."

"मी कुबड्या—" चंपतराव म्हणाले.

"कुबडी बाई पाहतीन."

मी उतरले. मागून रंभाबाई उतरल्या. रिकामा डबा काखेला लावून त्या आता रांगेतल्या लोकांना सांगत होत्या की रॉकेल नाही, पण वर जाऊन या, घर दिसते. कोणीही रांग सोडली नाही. चंपतरावांना नत्थूने आणि रंभाबाईंनी दोन्ही बाजूंनी धरून बसवले. पाळणा हलला तसे त्यांनी दांडीला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि डोळे असे घट्ट मिटले की भुवया गालांना लागल्या.

मी कुबडीपाशी उभी राहून वर पाहत होते. पाळणा टोकाला जाऊन थांबला. वरून गोपिकाचा आवाज स्पष्ट आला.

"बाबा, रामटेक दिसून राहिलं का?"

"दिसून राहिलं ना," चंपतराव म्हणाले. "स्वच्छ."